पानावरचा आंबटपणा आणि नाशिकची पांढरी वाइन

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी तालुक्यांतील काही बागांमध्ये जानेवारीच्या अखेरीस द्राक्षांची तोडणी भल्या सकाळी सुरू होते आणि ऊन चढण्यापूर्वी आटोपती घेतली जाते. शेजारच्याच बागेत निर्यातीची द्राक्षे दुपारपर्यंत निवांतपणे खुडली जात असताना येथे एवढी घाई का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. क्रेटमधील घड हाती घेतले तर आश्चर्य आणखी वाढते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. घड इतका दाट की मण्यामणीत बोट शिरू नये. बाजारात अशा मालाला गिऱ्हाईक मिळणार नाही. ही द्राक्षे शेनिन ब्लांक आणि सॉव्हिन्यॉं ब्लांक या मूळच्या फ्रेंच वाणांची असून त्यांच्यापासून हलकी, ताजी, पिवळसर झाक असलेली पांढरी वाइन तयार होते. सकाळची घाई असते ती त्या मण्यातील आंबटपणा राखण्यासाठी. या वाइनची चव, तिच्याबरोबर शोभणारे पदार्थ आणि ती पिकविणाऱ्या बागायतदाराच्या पदरी पडणारा पैसा या तिन्ही गोष्टी त्या आंबटपणाशी बांधलेल्या आहेत.

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीने गेल्या अनेक दशकांत जे कौशल्य मिळविले, ते मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांचे आहे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांमध्ये मणी मोठा व्हावा, लांबट व्हावा, गोडी उतरावी यासाठी विरळणी करायची, घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचे, पाण्याचा ताण जपायचा, असा हा सारा खटाटोप असतो. वाइनच्या द्राक्षात यातील बरेचसे उलटे करावे लागते. मणी लहान राहिला तर हवाच असतो, कारण रसाच्या मानाने साल अधिक मिळते आणि सुगंधाची द्रव्ये सालीत व तिच्यालगतच्या गरात असतात. वेलीवर मोजकेच घड ठेवावे लागतात. गोडी तर हवीच. पण गोडी भरत असताना आंबटपणा टिकून राहिला पाहिजे. खाण्याच्या द्राक्षात ज्याला दोष मानतात, तो येथे गुण ठरतो. जुन्या बागायतदारांना ही गोष्ट पचायला वेळ लागला, यात नवल नाही.

मण्यातील दोन आम्ले

द्राक्षात दोन आम्ले प्रमुख असतात. एक टार्टरिक आम्ल. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा असतो, त्यामुळे मराठी जिभेला ते अनोळखी नाही. दुसरे मॅलिक आम्ल. हिरव्या सफरचंदाची करकरीत आंबट चव ही त्याची ओळख. मणी कठीण व हिरवा असतो तोवर ही दोन्ही आम्ले त्यात साठत जातात. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे तो मऊ पडू लागला, की साखर भरू लागते आणि आंबटपणा घटू लागतो. टार्टरिक आम्ल बऱ्यापैकी टिकून राहते. मॅलिक आम्ल मात्र वेल आपल्या श्वसनासाठी खर्च करते, आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च अधिक. रात्रीही उकाडा राहिला, तर चांगली गोडी भरलेले द्राक्ष चवीला सपक होऊन बसते.

नाशिकचे स्थान येथे उपयोगी पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या पठारी प्रदेशात जानेवारीत दिवसाचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तरी रात्री ते १० अंशांच्या आसपास उतरते. निफाडची थंडी तर वृत्तपत्रांतून दर हिवाळ्यात गाजते. दिवसा साखर भरते आणि रात्री आम्ल राखले जाते. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते व पीक शरद ऋतूत निघते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून पीक थंडीत आणायचे, ही दोन छाटण्यांची पद्धत येथील बागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षांवर वर्षानुवर्षे घोटून घेतली होती. वाइनच्या वाणांना ती तशीच लागू पडली. विदेशी वाणांना स्थानिक कौशल्याचा हा फार मोठा आधार मिळाला, याचा उल्लेख वाइनविषयीच्या लेखनात क्वचितच आढळतो.

तोडणीचा दिवस ठरविण्यासाठी तीन गोष्टी पाहतात. पहिली ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात विरघळलेल्या घटकांचे ग्रॅममधील प्रमाण. यात बहुतांश साखरच असते. हलक्या पांढऱ्या वाइनसाठी ते २० ते २२ असावे, असे मानतात. दुसरी एकूण आम्लता. ती लिटरला साधारणतः ६ ते ८ ग्रॅम असली म्हणजे वाइनला ताजेपणा येतो. तिसरी गोष्ट सामू, तो ३.१ ते ३.४ च्या दरम्यान असल्यास रस लवकर बिघडत नाही. जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत एकाएकी ऊन तापू लागले, तर हे आकडे आठवड्याभरात पार बदलतात. तोडणी चार दिवस लांबली की साखर थोडी वाढते, पण गेलेला आंबटपणा परत येत नाही. वाइनरीत टार्टरिक आम्ल बाहेरून मिसळून ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येते आणि उष्ण प्रदेशांत तसे केलेही जाते. तथापि मण्यातच टिकलेल्या आंबटपणाची सर त्याला येत नाही, असे जाणकारांचे मत आहे.

थंडीतले किण्वन

सकाळी तोडलेली द्राक्षे गार असतानाच वाइनरीत पोहोचवितात. देठ वेगळे करून घड हळुवार दाबले जातात व रस सालीपासून लगेच अलग केला जातो. तांबड्या वाइनमध्ये रस सालीसह आंबवितात. रंग व तुरटपणा त्यातून येतो. पांढऱ्या वाइनला तो नको असतो. निवळलेला रस पोलादी टाक्यांत भरून त्यात यीस्ट सोडतात. टाक्यांभोवती थंड द्रव खेळविण्याची सोय असते. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू तयार करते आणि त्यात उष्णताही निर्माण होते. ती आवरली नाही, तर फळांचा, फुलांचा नाजूक सुगंध वायूबरोबर उडून जातो. म्हणून हे किण्वन १२ ते १६ अंशांवर, दोन-तीन आठवडे सावकाश चालू देतात. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क मिळतो. यावरून २१ ब्रिक्सच्या रसाची वाइन १२ टक्क्यांच्या जवळपास जाते, हे सहज ध्यानात येईल.

यानंतर तांबड्या वाइनमध्ये जीवाणूंकरवी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातील आम्लात, रूपांतर होऊ देतात. हलक्या पांढऱ्या वाइनमध्ये मात्र हे टाळतात. टाकी थंड ठेवून व गंधकाच्या संयुगाची अल्प मात्रा देऊन ती क्रिया रोखली जाते. वाइन लाकडी पिंपात न मुरविता काही महिन्यांत बाटलीत भरतात. वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, ही समजूत येथे लागू पडत नाही. या प्रकारची वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवावी, हेच बरे. एका बाटलीला, म्हणजे ७५० मिलिलिटरला, साधारणतः सव्वा किलो द्राक्षे लागतात.

शेनिन ब्लांकचे माहेर फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे. दक्षिण आफ्रिकेत ते ‘स्टीन’ या नावाने इतके रुजले, की त्याची जगातील सर्वांत मोठी लागवड आज तेथे आहे. पिकलेले पेर, पेरू, मध यांची आठवण करून देणारा त्याचा सुगंध असतो. सॉव्हिन्यॉं ब्लांक अधिक तीक्ष्ण आहे. त्याच्या वासात ढोबळी मिरचीची आठवण होते आणि ती केवळ कल्पना नाही. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी पायराझीन वर्गातील द्रव्ये या द्राक्षातही असतात.

नाशिकपर्यंतचा प्रवास

आधुनिक पद्धतीच्या वाइननिर्मितीस राज्यात १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात श्यामराव चौगुले यांच्या उद्योगाने चालना दिली; तेथील फेसाळ वाइन परदेशीही गेली. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉव्हिन्यॉं व शेनिनची लागवड केली आणि त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढील वर्षी, २००१ मध्ये, राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत वाइन उद्याने उभारण्यात आली. वाणांची निवड, खुंट, रोगनियंत्रण या प्रश्नांवर पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे कार्य उपयुक्त ठरले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

कोणत्या पदार्थाला कोणती

वाइन व जेवण यांचा मेळ हा विषय बहुधा परदेशी पदार्थांच्या नावांनी समजावून सांगितला जातो आणि त्यामुळे तो विनाकारण अवघड वाटतो. वस्तुतः मराठी स्वयंपाकघराने हे तत्त्व कधीच ओळखले आहे. तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळतात, माशाच्या कालवणात कोकम किंवा चिंच घालतात, जेवणाअंती सोलकढी घेतात. आंबट रस तेलाचा तवंग जिभेवरून काढून टाकतो, माशाचा वास सौम्य करतो आणि पुढच्या घासासाठी तोंड मोकळे करतो. हलकी पांढरी वाइन जेवणाच्या पानावर नेमके हेच काम करते. लिंबाची फोड जेथे शोभते तेथे ही वाइन शोभते, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळसे काम भागते.

म्हणून कोकण किनाऱ्यावरचे पदार्थ तिला विशेष मानवतात. रव्यात घोळून तळलेले पापलेट किंवा सुरमई, तव्यावर परतलेली कोलंबी, ओल्या खोबऱ्यातल्या तिसऱ्या यांच्याबरोबर ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, सॉव्हिन्यॉं उत्तम लागते. माशाबरोबर तांबडी वाइन घेतल्यास तोंडात कधीकधी धातूसारखी, उग्र चव राहते. तांबड्या वाइनमध्ये लोहाचा अंश अधिक असल्यास माशाच्या तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन असे घडते, हे जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. माशाला पांढरी वाइन, हा संकेत त्यामुळे केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

शाकाहारी पानावरही तिला भरपूर वाव आहे. कोथिंबीर वडी, हिरव्या चटणीचे पदार्थ, भरली ढोबळी मिरची, मटार-पुदिन्याचे कटलेट यांतील हिरवट वास सॉव्हिन्यॉंच्या वासाशी जुळतो. साबुदाणा वडा, कांदाभजी, अळूवडी अशा तळणीच्या पदार्थांत तेल कापण्याचे काम आंबटपणा करतो. मीठ तर वाइनचा मित्रच. खारवलेले शेंगदाणे किंवा काजू तोंडात असताना तीच वाइन अधिक गोल, कमी आंबट भासते. अळूवडीत चिंच-गुळाचे सारण असते, तेव्हा मात्र थोडा विचार करावा लागतो. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन फिकी पडते, आणि पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर ती कडवट व अति आंबट लागते. येथे किंचित गोडसर ठेवलेली शेनिन घ्यावी. पुरणपोळी, श्रीखंड, आमरस यांच्या वाटेला मात्र कोणत्याही ड्राय वाइनने जाऊ नये; दोहोंचीही चव जाते.

तिखटाचा प्रश्न सर्वांत कठीण. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडात दाहाची जाणीव निर्माण करते आणि मद्यार्कामुळे तो दाह भडकतो. जास्त मद्यार्काची वाइन आणि कोल्हापुरी तांबडा रस्सा एकत्र आणणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. कमी मद्यार्काची, चांगली गार केलेली, थोडी साखर उरलेली शेनिन मध्यम तिखट पदार्थांना, जसे नारळाच्या रसातील मालवणी कालवणाला, पेलते. नाशिकच्या तर्रीदार मिसळीला मात्र ती पेलवणार नाही. तेथे ताकच बरे, असे सांगण्यात वाइनचा काही अपमान नाही.

ही वाइन ८ ते १० अंशांवर असावी. घरच्या फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवलेली बाटली बाहेर काढून दहा मिनिटांनी उघडली, की हे साधते. बर्फ घालू नये. पाणी सुटून जो आंबटपणा जपण्यासाठी एवढे कष्ट घेतले तोच पातळ होतो.

कायदा आणि गाव

वाइन हे मद्य आहे, ही गोष्ट या सर्व वर्णनात विसरता येत नाही. १२ टक्के मद्यार्काच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांचा समावेश मानवास कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केला असून वाइन त्याला अपवाद नाही. फळापासून बनते म्हणून ती औषधी, असा प्रचार गैर आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. गावातील मतदारांना गुप्त मतदानाने मद्यविक्रीचे दुकान बंद करता येते आणि ‘आडवी बाटली’ या मतदानचिन्हाने महाराष्ट्रातील कितीतरी गावांत स्त्रियांनी तो अधिकार बजावला आहे. मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकांचे हित व गावाचे स्वास्थ्य अशा दोन्ही बाजूंनी तीव्र मते मांडण्यात आली आणि तो निर्णय त्या वर्षी प्रत्यक्षात उतरला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, हीच त्या वादातील अडचण.

बागायतदाराची बाजू

उत्पादकांचे हित म्हणजे नेमके काय, हे २००८ नंतरच्या दोन-तीन हंगामांनी दाखवून दिले. धोरणाच्या उत्साहात लागवड झपाट्याने वाढली होती. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेलांतील व पर्यटकांतील खप एकदम घसरला. टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि काही वाइनरींनी ठरलेली द्राक्षे उचलली नाहीत किंवा उचलून पैसे थकविले. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. तोही न मिळाल्यास बेदाणा करता येतो. बारीक, बियांचे, आंबटसर वाइनचे द्राक्ष कोणाला विकावे? अनेकांनी वेली उपटल्या किंवा त्याच खुंटावर खाण्याच्या वाणाचे कलम चढविले. ज्या मालाचा खप मोजक्या हॉटेलांतील समारंभांवर अवलंबून असतो, त्याचा उत्पादक कसा उघडा पडतो, याचे हे उदाहरण होय. वाइन शहरातील घेणाऱ्यांच्या रोजच्या पापलेटाशी, कोथिंबीर वडीशी जोडली गेली असती, तर तो आघात इतका तीव्र झाला नसता, असे मानण्यास जागा आहे.

यातून करारपत्राचे महत्त्व पुढे आले. दर केवळ ब्रिक्सवर बांधला असेल, तर बागायतदार साहजिकच गोडी वाढण्याची वाट पाहतो, आणि त्या प्रतीक्षेत वाइनला हवा असलेला आंबटपणा निघून जातो. मग ‘माल योग्य नाही’ म्हणून तो नाकारला जाण्याचा धोका त्याच्याच माथी येतो. म्हणून करारात साखरेबरोबर आम्लता व सामू यांच्या मर्यादा लिहिलेल्या असाव्यात, नमुना कोणासमोर तपासला जाईल ते नमूद असावे, आणि तोडणीची तारीख वाइनरीने ठरवायची असेल तर त्या तारखेनंतर होणाऱ्या अवकाळी पावसाच्या वा गारपिटीच्या नुकसानीचा वाटा कोणाचा, हेही स्पष्ट असावे. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने काही तासांत उभ्या बागा झोडपल्या, तेव्हा असा मजकूर कागदावर असणे व नसणे यांतील अंतर किती, हे उघड झाले. गावात करारपत्र वाचून दाखविण्याची वेळ बहुधा शिक्षकावर किंवा ग्रामपंचायत सदस्यावर येते. ते मराठीत असावे, असा आग्रह धरण्यास काहीच हरकत नसावी.

वाइनच्या द्राक्षांचा हंगाम मार्चमध्ये संपतो. हिशेब हाती येतो आणि एप्रिलची खरड छाटणी तोंडावर येते. त्या थोड्या आठवड्यांत शेनिनची बाग पुढील वर्षासाठी राखायची, की खुंटावर पुन्हा थॉमसनची काडी चढवायची, हे बागायतदाराला ठरवावे लागते.